वज्रेश्वरीच्या कुंडात उतरण्याआधी

ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आलेली मंडळी गाडीतून उतरली की दिसेल त्या पहिल्या मोकळ्या कुंडात शिरतात. चूक तिथेच होते. तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं अगदी जवळजवळ आहेत, पण प्रत्येक कुंडाची धग निराळी. झरा फुटतो तिथे पाणी ५० अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला ३८ ते ४० पुरे.

आधी कोपर बुडवा. तळवा कामाने निबर झालेला असतो, तो फसवतो. कोपराला सोसलं तर पाय सोडून पाच मिनिटं काठावर बसा, मग कमरेपर्यंत उतरा. एकूण दहा-बारा मिनिटं बस्स. उठताना घाई नको: ऊबेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, घेरी येते, आणि नेमकं त्याच वेळी पायाखाली शेवाळलेली पायरी असते. हृदयविकार, रक्तदाबाची औषधं किंवा गरोदरपण असेल, तर पाय शेकण्यावरच भागवा. डोकं बुडवू नका. कोमट पाण्यात क्वचित सापडणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो.

चांदीचे पैंजण गाडीतच ठेवा, गंधकाच्या वायूने काळे पडतात. साबणही नको, क्षारांमुळे फेस धड होत नाही आणि पाणी मात्र नासतं.

खाली ज्वालामुखी आहे, असं काठावर कुणीतरी सांगतंच. तसं काही नाही. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल मुरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि फटीतून वर येतं. कोकणात असे झरे सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्याला समांतर, पार राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत आहेत. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या घरात. तिथे उगमाशी हात घालणं म्हणजे भाजून घेणं.

जायचं ते थंडीत, सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात नदीकाठचे झरे तानसेच्या पुराखाली जातात. चैत्र अमावास्येच्या जत्रेत देवीचं दर्शन घ्यावं, कुंडाचा नाद सोडावा.

देऊळ बघाच. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता, असं सांगतात. १७३९ साली वसई हाती आली आणि पुढे हे देऊळ उभं राहिलं. त्याला किल्ल्यासारखा तट आहे, दारावर नगारखाना. फक्त कुंडातून निघून लगेच देवळाच्या पायऱ्या चढू नका. अर्धा तास सावलीत बसा, एखादं लिंबू सरबत घ्या, मग चढा.