बाबांचं बोलणं अडकायला लागलं तेव्हा, माझा अनुभव

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबा रिटायर्ड, गप्पा मारायला एक नंबर, पण मागच्या दिवाळीपासून मधेच अडकायला लागले. "अगं ते दे ना, ते... चहाचं", म्हणजे गाळणी. हिशोब चोख, जांभळी नाक्यावरून भाजी नीट घासाघीस करून आणणार, फक्त शब्द तेवढा येईना. नातेवाईकांचं एकच, वय झालंय, बदाम द्या. आधीच्या डॉक्टरांनी तर टेन्शनची गोळी देऊन घरी पाठवलं.

शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, एमआरआय झाला, पण खरा उलगडा स्पीच थेरपिस्टकडे झाला. चित्र दाखवून नाव विचारतात. अडकित्ता आला तर बाबांनी हाताने सुपारी कातरून दाखवली, "सुपारी... पान... अरे यार" चाललं होतं, मॅडम नुसतं "अड" म्हणाल्या आणि लगेच "अडकित्ता!" मग ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं, छोटं जमलं, लांब अर्ध्यातच तुटलं. निदान निघालं पीपीए, म्हणजे प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेसिया (मेंदूच्या आजाराने भाषा हळूहळू कमी होत जाणं), त्यातला लोगोपेनिक, म्हणजे शब्द वेळेवर न सापडण्याचा प्रकार. यात मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच असतो, पण सुरुवात विसरण्याने न होता भाषेने होते. पीपीएच्याच सिमँटिक नावाच्या दुसऱ्या प्रकारात अडकित्ता ही वस्तू काय हेच पुसट होत जातं, तिथे "अड" सांगून फारसं काही होत नाही.

मी विचारलं, हे ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) दिसतं का? डॉक्टर म्हणाले रोजच्या तपासणीत नाही, पण संशोधनात एन 400 नावाची लाट बघतात, 1980 मध्ये सापडलेली. कुत्र्याचं चित्र दाखवून "छत्री" ऐकवलं की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूला ते खटकतं आणि लाट मोठी येते, पीपीएच्या काही पेशंटमध्ये हे खटकणंच मंदावलेलं दिसतं. मला ते ऐकून उलट बरं वाटलं, निदान "मुद्दाम करतात" म्हणणाऱ्या काकांना सांगायला काहीतरी मिळालं.

आजार थांबवणारं औषध नाही हे स्पष्ट सांगितलंय. थेरपी चालू आहे, मोबाईलमध्ये घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो नावासकट ठेवलेत, आणि बाबा अडकले की आई पटकन वाक्य पूर्ण करायची ते बंद केलंय (तिला अजून जड जातं). बँकेची, मृत्युपत्राची कामं आत्ताच उरकून घ्या, नंतर सांगता येणार नाही. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषा दोषात अफेसिया येतो, त्यामुळे यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) ऑनलाइन फॉर्म भरलाय, आता तपासणीची तारीख यायचीय.