हुडक्या: मीरा मागितली, कुमार आले

काल रात्री पावणेएकला 'दऱ्या' असं शोधलं आणि दऱ्याच सापडल्या, दर्या म्हणजे समुद्र नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. हुडक्या म्हणजे जुन्या तबकड्या शोधून घरी उतरवणारा माझा घरगुती प्रोग्राम. मागच्या वेळी 'हुडक्या जवळजवळ झालाय' असं लिहिलं होतं, ते शब्द मागे घेतो.

मांडणी तीच आहे. ४ जीबीचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, त्यावर पायथन आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस, ऐकायला जेलीफिन हा घरगुती मीडिया सर्व्हर. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांची माहिती ओढायची, ती देवनागरीत शोधता आली पाहिजे आणि हवी ती फाइल घरी उतरली पाहिजे. उतरवण्याचा भाग आता खरंच पक्का झालाय. तिथल्या मेटाडेटात (फाइलींच्या माहितीत) प्रत्येक फाइलचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. तो जुळला नाही तर फाइल पुन्हा रांगेत. वीज गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं सुरू. एका वेळी दोनच डाउनलोड ठेवलेत, फुकटच्या पंगतीत दोन्ही हातांनी वाढून घेऊ नये.

घोळ शोधात होता. बाबांना फोनवर लिंक दिली. त्यांनी 'मीरा' टाइप केलं आणि पाचच मिनिटांत हाक आली, "अरे, हे सगळे कुमार का येतायत? तक्रार नाही, पण मी मीरा विचारली होती." बघतो तर कुमार, मोरोपंत, मारूबिहाग, सगळे हजर. मी आजवर सगळ्या चाचण्या रोमन नावांवर केल्या होत्या. आपलीच भाषा तपासायची राहून गेली, काय बोलणार!

कारण कळल्यावर हसावं की रडावं कळेना. एफटीएस५ (एसक्यूलाइटमधली मजकूर शोधायची सोय) चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, युनिकोड६१, मुख्यतः अक्षर आणि अंक या वर्गातलंच शब्दात धरतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाहीत, 'चिन्ह' आहेत. म्हणजे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. 'मीरा'चे उरले म आणि र. 'कुमार'चे क, म, र. एफटीएस५ ने लगतचे म-र शोधले, ते कुमारच्या पोटात सापडले. बालगंधर्वांचे तर 'ब', 'लग', 'धर', 'व' असे चार तुकडे झाले होते.

इलाज एका ओळीचा: टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी हे दोन वर्ग घालायचे, काना-मात्रा त्यांतच येतात. नुसता इंडेक्स (शोधाची सूची) रीबिल्ड करून भागत नाही, तक्ता पाडून नव्यानं बांधावा लागतो. माझ्या ४,३०० नोंदी चहा उकळायच्या आत झाल्या. मीरा आली, कुमार गेले. तो चहा फार छान लागला.

आणि मग 'वाऱ्यावर' शोधलं. दोन तबकड्या असताना एकच आली. दोन्ही नावं शेजारी ठेवली तर डोळ्यांना हुबेहूब. शेवटी कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, छापून घेतले. एकात ०९३१ ०९४डी ०९२एफ, दुसऱ्यात ०९३० ०९४डी २००डी ०९२एफ. पहिल्यात सरळ ऱ आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. हा जॉइनर टोकनायझरला शब्दातला वाटत नाही, त्यामुळे तिथं शब्द पुन्हा तुटतो.

मी शहाणपणानं सगळे जॉइनर उडवून टाकले. झालं! त्या पद्धतीनं लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या झाला आणि डोंगरदऱ्यांच्या पोवाड्यांसाठी निघालो तर कोळीगीतांत जाऊन पडलो. खरा क्रम असा: आधी 'र, हलन्त, जॉइनर' याचं 'ऱ, हलन्त' करायचं, मग एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करायची युनिकोडची रीत), आणि उरलेले जॉइनर सर्वांत शेवटी काढायचे. र खाली नुक्ता देऊन ऱ लिहिणारेही आहेत, त्यांना एनएफसी सांभाळून घेतं. ॲ मात्र ते सांभाळत नाही. तो एकसंध, अ वर चंद्र देऊन, किंवा ऍ असा तीन तऱ्हांनी येतो; तिथं हातानंच बदल लिहिला. (मराठी ल आणि हिंदी ल हा फरक फॉन्टचा, कोडपॉइंट एकच. एक तरी डोकेदुखी वाचली.)

एवढं करून जॉइनर घालून लिहिलेल्या सगळ्याच शोधांना शून्य उत्तरं. अर्धी रात्र गेल्यावर कळलं की हे सोपस्कार इंडेक्सवर केले होते, शोधशब्दावर केलेच नव्हते.

मध्येच एसएसडी, म्हणजे फाइली ठेवायची डिस्क, गायब व्हायची तेही सुटलं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला, डिस्क बसवायचा स्वस्त यूएसबी डबा यूएएसवर (डिस्कशी यूएसबीवरून वेगानं बोलायच्या पद्धतीवर) गडबडत होता. दुकानदाराचं म्हणणं, "विंडोजवर चालतो ना, मग?" बूटच्या ओळीत यूएएस बंद केलं, वेग थोडा कमी झाला, पण डिस्क जागेवर राहते. पुढच्या वेळी डब्यात कुठली चिप आहे ते विचारल्याशिवाय पैसे देणार नाही.

आता साठ वर्षांची गाळणी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणून वर्षावरून आपोआप गाळायचा बेत होता. पण तारखेच्या रकान्यात पुष्कळांनी अपलोडचंच वर्ष घातलंय. तबकडीच्या लेबलचा फोटो असेल तर तोच बघून वर्ष हातानं भरतोय.

पुढचं काम म्हणून ट्रायग्राम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शोध) लावणार होतो, रोमन लिपीतल्या नावांसाठी. हे लिहिता लिहिताच वाटलं, कशाला? 'बालगंधर्व' कुणी दोन शब्दांत लिहितो, कुणी शेवटी ए लावतो, पण स्वर काढून टाकले की व्यंजनं बहुतेक तीच उरतात. म्हणजे ज्या मोडतोडीनं मीराचे कुमार केले, तीच मुद्दाम करून दुसरा इंडेक्स बांधायचा आणि पहिल्यात काही मिळालं नाही तरच तिकडं जायचं. ल-ळ आणि न-ण एकत्र टाकले की झालं. अडलंय ते 'ज्ञ'पाशी. ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वायनं लिहितो, कुणी जे-एननं, कुणी जी-वायनं. तुम्ही हे कसं सोडवलंत? तोवर तिन्ही एका यादीत घालून ठेवतो.