आजोबांशी बोलायचंय? मग समोर बसा

आजोबांच्या हातात फोन दिला की "हो, हो, बरं आहे, ठेवतो" म्हणून ते लगेच परत करतात. घरच्यांना वाटतं, आता त्यांना कशात रस उरला नाही. बहुतेक वेळा दोष कानांचा असतो. वयोमानाने ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ ही व्यंजनं निसटतात. त्यात साध्या फोनच्या लाइनवरून जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झ (हे आवाजाच्या पट्टीचं माप) एवढाच आवाज जातो आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

समोर बसलं की उरलेलं काम डोळे करतात. तीन-चार फुटांवर बसा, तेही उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं. खिडकीला पाठ करून बसलात तर त्यांना फक्त काळी आकृती दिसते. टीव्ही नुसता बारीक करू नका, बंदच करा. खडखडणारा पंखा आणि स्वयंपाकघरातला मिक्सरही. एका कानाने बरं ऐकू येत असेल तर त्या बाजूला सरका. तोंडात सुपारी नको, ओठांवर आलेल्या मिशाही आड येतात.

ओरडू मात्र नका. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढीच राहतात, ओठ वेडेवाकडे होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर कुणी खेकसतंय. आवाज नेहमीपेक्षा किंचित मोठा, खालच्या पट्टीत, आणि वाक्यावाक्यात थोडं थांबणं, एवढं पुरतं. आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की विषय सांगा: "ताईच्या लग्नाचं बोलतोय." विषय कळला की निम्मे शब्द अंदाजाने जुळतात.

तरी चुका होणारच. 'बाळ' आणि 'माळ' ओठांवर सारखेच दिसतात, क आणि ग तर दिसतच नाहीत. सात, साठ आणि आठ यांत हमखास घोळ होतो. म्हणून वेळ, रक्कम, औषधाची मात्रा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. एखादं वाक्य दोनदा सांगूनही कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणण्यात अर्थ नसतो, शब्द बदला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नका. माझ्या मते माणूस गप्पांतून उठून जातो तो बहिरेपणामुळे कमी आणि या चार शब्दांमुळे जास्त.

नुसत्या "हो, हो"वर विश्वास ठेवू नका. "कळलं ना?" असं विचारलं की उत्तर होच येतं. त्याऐवजी "मग आपण कधी निघायचं?" असं विचारा.

कानाचं मशीन असेल तर बसण्याआधी तेवढं बघून घ्या. टोकाशी मळ अडकला की आवाज बंद होतो. बटण सेलचं मशीन असेल तर नव्या सेलवरचं स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच सेल बसवा. त्याला हवा लागावी लागते. मशीनने भोवतालचा गोंगाटही वाढतो, म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये ते काढून खिशात ठेवणारे आजोबा आडमुठे नसतात. त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवा, पाठ भिंतीला, आणि एका वेळी एकानेच बोला.

असं ऐकणं दमवणारं असतं. अर्ध्या तासात नजर इकडेतिकडे व्हायला लागली तर चहा टाका, बाकीचं नंतर बोला.