तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही गाडी घरीच का खोलतो

लग्नात भेटलेला माणूस विचारतो, बँकेत रांगेत उभा असलेला विचारतो, आणि गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्यानेही आरती संपल्या संपल्या विचारलं, "मामा, एवढं सगळं झाल्यावरही तू जीप घरीच खोलतोस?" एवढं सगळं म्हणजे अण्णांचा पाय. माझ्या वडिलांचा. साखरप्यापासून देवरुखापर्यंत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे पण प्रत्येकाकडे वेगळी आहे, कोणाच्या गोष्टीत जॅक निसटला, कोणाच्या गोष्टीत मी नशेत होतो (मी आयुष्यात घेतलेली नाही). म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी मी जी उत्तरं देत आलोय ती. पहिलं उत्तर, पैसे वाचतात. हे खोटं आहे. पुलर, डायल गेज, इंची पान्यांचे दोन सेट, कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्याकडे आंबा घाटातून मारलेल्या फेऱ्या, हे सगळं धरलं तर गॅरेजलाच स्वस्तात झालं असतं. दुसरं उत्तर, जुन्या जीपचं काम येणारी माणसं राहिली नाहीत. हे बरंचसं खरं आहे. माझी सीजे थ्रीबी आहे, महिंद्राची, उंच बॉनेटवाली. हरिकेन पेट्रोल इंजिन आधीच्या मालकानेच काढून डिझेल बसवलं आणि आरसी बुकात चढवूनही घेतलं. बाकी खालचं सगळं मूळ, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा), मागेपुढे अखंड हौजिंग (दोन चाकांमधलं लोखंडी कवच, आत दातांची चाकं), पाटे. आज गॅरेजमधल्या पोराला स्कॅनर कुठे लावायचा ते विचारायची सवय आहे, ड्रायव्हरजवळच्या तीन दांड्यांतला कुठला कशाचा ते त्याला सांगावं लागतं, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तिसरं उत्तर मी फार वर्षं दिलं. गॅरेजवाल्याने वाट लावली म्हणून मी घरी करतो. हे उत्तर देताना माझा आवाज चढायचा, त्यामुळे पुढे कोणी विचारायचं नाही. यातलं खरं किती ते सांगतो.

२०१६ च्या मार्चमध्ये मागच्या क्राउनचे, म्हणजे हौजिंगमधल्या मोठ्या दातांच्या चाकाचे, दोन दात उडाले. आंब्याचा सीझन तोंडावर, वरच्या बागेतून पेट्या खाली आणायला दुसरी गाडी चढत नाही, म्हणून मी घाईत गॅरेजला दिली. त्यांनी भंगारातून क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन असा जोड आणला, जीपचाच आहे म्हणाले, आणि होताही जीपचाच. पण मूळ जोड ४३ दात आणि ८ दातांचा, म्हणजे ५.३८ चा, आणि यांनी मागे बसवला तो ३९ आणि ८ चा, ४.८८. पुढच्या हौजिंगमध्ये ४३-८ तसाच. रस्त्यावर दोन चाकांवर चालवली तर काही कळत नाही, उलट गाडी जरा पळते, म्हणून त्यांनी ट्रायल मारली आणि मी पैसे दिले. पण फोर बाय फोर टाकल्यावर पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, दहा टक्क्यांचा फरक. चिखलात चाक घसरतं आणि भागतं. आमचा बागेचा रस्ता कातळाचा. कातळावर टायर घसरत नाही, मग तो पीळ सगळा शाफ्टमध्ये (ट्रान्सफर केसपासून हौजिंगपर्यंत जाणारा फिरता रॉड) आणि ट्रान्सफरमध्ये साठत जातो. अर्ध्या चढात स्टेअरिंग दगडासारखं झालं, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडली, आणि फोर बाय फोरचा दांडा काही केल्या सुटेना. रिव्हर्स घेतल्यावर हातभर मागे आली आणि दांडा खट्कन सुटला, त्या आवाजानेच माझ्या पोटात गोळा आला.

घरी आणून मागचं एक चाक उचललं, टायरवर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारली, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि अण्णांना सांगितलं मोजा. चाक पूर्ण दोनदा फिरवायचं (दुसरं चाक जमिनीवर अडलेलं, म्हणून दोन फेऱ्यांचा एक धरायचा) आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पाचला जेमतेम कमी. पुढच्या बाजूला तसंच केलं तर पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. अण्णा म्हणाले पुन्हा मोज. तीन वेळा मोजलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भागाकार केला आणि मला दाखवला. निवृत्त शिक्षक, गणिताचे.

मी चिडलो होतो. त्या गॅरेजवाल्याकडे परत गाडी न्यायची नाही हे तिथेच ठरलं. कोल्हापुरातून ४३-८ चा जोड मिळवला आणि घरीच बसवायचं ठरवलं. तोपर्यंत ऑइल, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), हबची सीलं एवढंच केलेलं होतं, हौजिंग कधी उघडलं नव्हतं.

आता तो दिवस. जून लागला होता, दोन सरी पडून गेल्या होत्या, खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नुसतं ओलं. आमचं खळं घराकडून गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) किंचित उतरतं, जीप घराकडे तोंड करून उभी. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, मागच्या एका चाकामागे चिऱ्याचा तुकडा ठेवला. मी डाव्या बाजूने खाली शिरलो, डोकं मागच्या शाफ्टखाली, पाय बाहेर, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधून. पिनियनकडच्या क्रॉसचे यू बोल्ट काढायचे होते, अर्ध्या इंचाचा पाना. अण्णा बाहेर उभे, पाने देत होते.

ज्यांनी जुनी जीप खोललेली नाही त्यांना हे सांगायला हवं, की या गाडीचा हँडब्रेक चाकात नाही. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे आहे, जिथून मागचा शाफ्ट निघतो तिथे. शाफ्ट सुटला की हँडब्रेक कितीही ओढा, तो मागच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. गिअरचंही तेच. मला हे माहीत नव्हतं का? मला हे चांगलं माहीत होतं. एका मित्राला मी स्वतः हे समजावून सांगितलेलं होतं, चहाच्या टपरीवर, टेबलावर बोटाने चित्र काढून. आणि तरी मी यू बोल्टचे चारी नट सोडवले, क्रॉस टॉमीने (लोखंडी कांबीने) पुढे ढकलला, आणि क्रॉस कपांसकट बाहेर आला.

आवाज झाला नाही. वरची गाडी हलतेय हे मला आधी उजेडावरून कळलं, चॅसिसची कड माझ्या तोंडावरून सरकायला लागली. चिरा ओला होता, त्याचा कोपरा फुटला आणि बाकीचा चाकासमोर घसरत गेला. गाडी मागे जात होती म्हणजे पुढचं चाक माझ्या मांड्यांकडे येत होतं. मी ओरडलो का ते आठवत नाही. अण्णा म्हणतात मी ओरडलो नाही, त्यांनी चाक बघितलं. ते मागे धावले आणि मागच्या बंपरला खांदा लावला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, टनाच्या वरची गाडी. थांबली नसतीच, पण हळू झाली, आणि मी पाय ओढायला लागलो, आणि मग गाडी थांबली. पुढचं चाक माझ्या डाव्या मांडीला टेकलेलं होतं. टायरच्या गुट्ट्यांचा ठसा पँटवर उमटला होता, चिखलाचा, तीन चौकोन.

थांबली कारण अण्णांचा उजवा पाय बंपर आणि गडग्याच्या मध्ये होता.

मी बाहेर आलो तेव्हा ते उभेच होते, बंपरवर दोन्ही हात ठेवून, आणि त्यांच्या एका हातात पुढचा पाना होता. मला म्हणाले, "तू सुटलास ना रे?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग आता गाडी पुढे घे." पण गाडी पुढे घ्यायची कशी, शाफ्ट खाली. शेजारच्या दोघांनी आणि मी ढकलली. आई पडवीत उभी होती. ती सगळं बघत होती.

नडगीची दोन्ही हाडं. रत्नागिरीला ऑपरेशन झालं, रॉड घातला, साडेतीन महिने.

या साडेतीन महिन्यांत आणि पुढे दोनेक वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की गॅरेजवाल्याने चुकीचा जोड घातला म्हणून हे झालं. आणि हे सांगण्यात अगदी काहीच तथ्य नाही असं मला आजही म्हणता येत नाही. कारण असं बघा, फोर बाय फोरचा दांडा लावलेला असता तर मागचा शाफ्ट सुटल्यावरही पुढच्या शाफ्टने गाडी धरली असती, गिअर आणि हँडब्रेक दोन्ही पुढच्या चाकांवर आले असते. माझी नेहमीची सवय तीच होती, खळ्यात उभी केली की फोर बाय फोर. त्या दिवशी दांडा मी मुद्दाम काढून ठेवलेला, पुढचामागचा रेशो जुळत नाही, परत पीळ बसेल या भीतीने. म्हणजे त्यांनी ३९-८ बसवला नसता तर दांडा लागलेला असता. रात्री हे गणित मी कितीदा केलंय. पण उभ्या गाडीला कसला पीळ बसणार होता? गाडी चालणारच नव्हती. पाच सेकंद विचार केला असता तर दांडा लावूनच खाली शिरलो असतो. चार ठोकळे लावले असते तरी चाललं असतं. त्या माणसाने दात चुकीचे मोजले, खाली मी शिरलो. दोन्ही खरं आहे आणि मला त्याची वाटणी अजून जमत नाही.

मग अजूनही का? ऑपरेशननंतर जीप तशीच खळ्यात उभी होती, ताडपत्री टाकून. मी विकायला काढली होती. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. सप्टेंबरात अण्णा काठी घेऊन पहिल्यांदा पायरी उतरले, ताडपत्री उचलून खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "पिनियनचं तोंड उघडं ठेवलंस पावसात?" गंज धरला होता. त्या दिवशी बोलले एवढंच. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आणून बसले.

तो जोड आम्ही दोघांनी बसवला. फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे करून, गाडी पेलायच्या घोड्या लावून, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडवून. पिनियनमागे शिम (पातळ चकत्या) घालायचे, पिनियन बसवायचा, दातांना प्रशियन ब्लू (निळा रंग) लावून फिरवायचं, डाग कुठे उठतो ते बघायचं. डाग दाताच्या टोकाकडे गेला की सगळं काढून शिम बदलायचा. नऊ वेळा काढलं. क्राउन-पिनियनमधली ढिलाई पाच ते नऊ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मध्ये हवी होती. डायल अण्णा वाचायचे, मी क्राउन हलवायचो. "अकरा." "चार." "चार." "सात." सात म्हणाले आणि चष्मा काढून पुसला. नव्वद नंबर ऑइल भरलं आणि दुसऱ्या दिवशी मी एकटा कातळावर फोर बाय फोर टाकून चढवली. काही आवाज नाही.

आता काही जण सांगतात, हँडब्रेक चाकांवर करून घे, बदल कर. करावासा वाटतो. पण ब्रेकच्या मूळ रचनेत हात घालायचा म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या स्पेसिफिकेशनपलीकडचे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, आणि अण्णांना तो ड्रम जिथे आहे तिथेच हवा. यावर आमचं अजून वाजतं.

मला हे काम घरी आवडतं, हेही सांगून टाकतो, कारण हे मी कोणाला बोललेलो नाही. अण्णांचा पाय मोडल्यावर आवडतं म्हणायची लाज वाटायची. आजही वाटते. पण हौजिंग उघडल्यावर ऑइलचा जो वास येतो आणि अण्णा खुर्ची पुढे ओढतात, त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढं बोलतो तेवढं बाकी वर्षात बोलत नाही. हे कारण पुरेसं आहे का, मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती नाहीच म्हणेल, पण मी तिला कधी विचारलेलं नाही आणि तिने मला कधी विचारलेलं नाही. जॅकचा आवाज आला की ती बाहेर येते, चारही ठोकळे एकेक करून पायाने जोरात ढकलून बघते, आणि शेजारी निघून जाते. काम संपेपर्यंत परत येत नाही.

येत्या मे महिन्यात पुढचं हौजिंग खोलायचंय, डाव्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) ऑइल येतंय. अण्णांनी सीलचा नंबर लिहून ठेवलाय.