कोपऱ्यावरची बँक

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या लहान गावाचा मेन स्ट्रीट एकदा नीट पाहिला की पुढची दहा गावं गाडीतून न उतरताही पाहिल्यासारखी वाटतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या दुमजली इमारती, खाली काचेचं दुकान, वर उभट खिडक्यांची रांग, आणि पार वर कठड्यावर मूळ मालकाचं आडनाव नि साल. 1887, 1893, 1901. मालक कधीच गेला, त्याचं किराणा दुकान गेलं, त्या जागी आलेलं बुटांचं दुकान गेलं, आता तिथे योगाचे वर्ग चालतात. आडनाव मात्र जागच्या जागी. यातल्या कितीतरी इमारतींचा नक्षीदार दर्शनी भाग तर चक्क कॅटलॉग बघून मागवलेला असे. सेंट लुईसच्या मेस्कर ब्रदर्सचा छापील कॅटलॉग घरबसल्या यायचा, दुकानदार रुंदी कळवायचा, आणि नक्षी उठवलेले पत्रे नि लोखंडी खांब रेल्वेने येऊन स्टेशनात पडायचे. पुढे गावातला सुतार समर्थ होता. 'वारसा' म्हणून आपण ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतो, ते तोंड मालगाडीतून आलेलं. मला हे फार आवडतं. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखंच वागावं.

ओवाटोनाच्या चौकातल्या एका इमारतीची गोष्ट मात्र कॅटलॉगमधली नाही.

मिनियापोलिसहून आय-35 ने दक्षिणेला तासभर गेलं की ओवाटोना लागतं. आमच्या इकडच्या मराठी मंडळींना हे गाव माहीत असतं ते हायवेलगतच्या कबेलाज नावाच्या अवाढव्य दुकानामुळे. शिकारीचं आणि मासेमारीचं सामान, आणि मधोमध पेंढा भरलेल्या प्राण्यांचा डोंगर. मुलं तिथे खूश असतात, नवरेही. मूळ गाव त्याच्या पलीकडे आहे, आणि तिकडे वळायचं कारण बहुतेकांना पडत नाही. मला पडलं, कारण बाबा आले होते. बाबांनी उभी हयात जिल्हा बँकेच्या तालुक्याच्या शाखेत काढली. नायगारा, व्हाइट हाऊस सगळं पाहून झालं होतं आणि ते नम्रपणे कंटाळले होते. "शंभर वर्षांपूर्वीची बँक आहे, शेतकऱ्यांसाठी बांधलेली," म्हटल्यावर ते बूट घालून दारात उभे.

नॅशनल फार्मर्स बँक, 1908. बागेसमोरच्या कोपऱ्यावर 68 फूट लांब आणि तितकाच रुंद असा विटांचा ठोकळा. पण विटा काय आहेत! एकाच भिंतीत तांबूस, जांभळट, मातकट, शेवाळी अशा छटा, जवळ गेलं की वेगवेगळ्या दिसणाऱ्या आणि चार पावलं मागे आलं की एकमेकींत मिसळून जाणाऱ्या. खाली तांबड्या वालुकाश्माचं जोतं. वर रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड अर्धगोल काचेची कमान, आणि भोवती हिरवट भाजक्या मातीच्या नक्षीची नि काचेच्या तुकड्यांच्या मोझेकची चौकट. बाबांनी मान मागे टाकून एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढा खर्च केला, तेव्हा ठेवी किती होत्या यांच्या?"

खर्च करणारा होता कार्ल बेनेट. वडिलांच्या बँकेचा उपाध्यक्ष. हार्वर्डमध्ये शिकलेला, तिथे वाद्यवृंद चालवणारा, संगीतात आयुष्य काढायची इच्छा असलेला. पण घरची बँक होती म्हणून गावी परतलेला. असे चिरंजीव आपल्याकडच्या प्रत्येक पेठेत एक तरी असतात. गल्ल्यावर बसतात, मन दुसरीकडे. बेनेटला नवी इमारत हवी होती, पण त्या काळच्या बँकांसारखी ग्रीक खांबांची नको होती. 1906 मध्ये त्याने 'द क्राफ्ट्समन' या मासिकात वास्तुकार लुई सलिव्हनचा लेख वाचला आणि त्यालाच गाठलं.

सलिव्हन तेव्हा पन्नाशीचा, आणि उतरणीला लागलेला. शिकागोच्या उंच इमारतींचा हा एक बाप. 1893 च्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, त्या प्रदर्शनातली सोनेरी दाराची ट्रान्सपोर्टेशन बिल्डिंग यानेच केलेली. पुढे ज्याच्या नावाचा डंका वाजला तो फ्रँक लॉइड राइट याच्याच कचेरीत तयार झाला. वास्तूचं रूप तिच्या उपयोगातून ठरतं, हे त्याचं 1896 मधलं वाक्य आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण 1893 च्या मंदीने कामं आटली, 1895 मध्ये भागीदार अॅडलर वेगळा झाला, आणि गगनचुंबी इमारतींच्या या माणसाकडे कोणी गगनचुंबी काम घेऊन येईना. आला तो लोण्याच्या नि गव्हाच्या मुलखातला एक संगीतवेडा बँकर.

दोघांचं जमलं. 1908 च्या वसंतात सलिव्हनने बेनेटला लिहिलेल्या पत्रात तो आपला सगळा वसंत रंगांच्या अभ्यासात गुंतला असल्याचं कळवतो. बाहेरचं शिवार घरात आणायचं, असा त्याचा बेत. हे कवीचं बोलणं समजून मी सोडून दिलं असतं. पण आत गेल्यावर कळतं की बेत पार पडला आहे. काचांतून येणारा उजेड हिरवा-पिवळा होऊन उतरतो आणि भिंतींवरच्या हिरव्या, गेरू, सोनेरी रंगांत मुरतो. एका भिंतीवर ऑस्कर ग्रॉसने रंगवलेल्या गाई, दुसरीवर पिकाची कापणी. गाई देवळातल्या नाहीत की कॅलेंडरवरच्या नाहीत. दुभत्या, कामाच्या आहेत. वरून लोंबणारे चार ओतीव लोखंडी दिवे, एकेक सव्वादोन टनांचा. बाबा त्याच्या खाली उभे राहिले नाहीत. बाजूने पाहिलं.

ही नक्षी बरीचशी सलिव्हनच्या हातची नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या कचेरीतला जॉर्ज एल्म्स्ली, वर्षानुवर्षं निमूट काम करणारा, बरंचसं रेखाटन त्याचं. पुढे या बँकेचं टपाल तिकीट निघालं, त्यावर नाव आलं सलिव्हनचं. नव्वद टक्के लोक एल्म्स्लीचं नाव न ऐकताच परत जातात, आणि याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

मला सगळ्यात जास्त रस वाटला तो नकाशात. मूळ आराखड्यात अध्यक्षांची खोली होती, बायकांसाठी वेगळी खोली होती, आणि एक खोली नुसती शेतकऱ्यांची. बाजाराला आलेल्यांनी बसावं, भेटावं, आपसांतले व्यवहार बोलावेत म्हणून. हे सांगितल्यावर बाबा थांबले. त्यांच्या शाखेत, ते म्हणाले, म्हातारे शेतकरी उंबऱ्याशी चपला काढून आत यायचे. "किती सांगायचो, अहो तात्या, चपला घालून या. ऐकायचे नाहीत. कर्ज मागायला आलेला माणूस देवळात आल्यासारखा यायचा." शाखेत बाकडं एक होतं, त्यावर सेवा सोसायटीचे सचिव बसायचे. शेतकरी भिंतीला टेकून उभा. "इथे तर," कमानीकडे हात करून बाबा म्हणाले, "हे असलं बघून तो बाहेरच बसला असता."

मी वाद घातला. म्हटलं, उलट आहे. गाई त्याच्या, पीक त्याचं, खोली त्याची; त्याला वाटलं असेल की बँकही आपली. बाबांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पैसेवाल्याच्या घरात आपल्या गाईचा फोटो असला म्हणून ते घर आपलं होत नाही. मला आजही वाटतं की निम्मं त्यांचं बरोबर आहे. बेनेटचा हेतू खोटा नव्हता, पण भव्य बँक ही जाहिरातही असते: बघा, एवढ्या जाड भिंतींमागे तुमचा पैसा आहे. त्या काळी ठेवींना सरकारी विमा नव्हता. विमा भिंतीच होत्या.

बाबांना मनापासून पटलेली गोष्ट एकच. बँकेच्या ठोकळ्याला जोडून बेनेटने भाड्याने द्यायला दुकानांची आणि कचेऱ्यांची बाजू बांधून घेतली होती. "हे शहाणपणाचं. भाडं चालू ठेवलं."

भिंती मात्र पुरल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात धान्याला सोन्याचा भाव आला, जमिनी महागल्या, शेतकऱ्यांनी कर्ज काढून आणखी जमिनी घेतल्या. 1920 मध्ये भाव कोसळले, कर्ज तेवढंच राहिलं. 1921 ते 1929 या काळात अमेरिकेत पाच हजारांहून अधिक बँका बंद पडल्या, बहुतेक अशाच गावांमधल्या. ओवाटोनाची 1926 मध्ये पडली. "पीककर्ज," बाबा म्हणाले. "दुसरं काय." त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

सलिव्हनचं त्याआधीच आटोपलं होतं. ओवाटोनाची बँक उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, त्याने घरातल्या वस्तू लिलावात काढल्या. पगार देता येईना म्हणून एल्म्स्ली निघून गेला. लहान गावांच्या आणखी काही बँका त्याने बांधल्या, एकूण आठ, आणि 1924 मध्ये शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो गेला. बेनेटच्या हातून बँक गेली ती दोनच वर्षांनी.

इमारतीला कोणाच्या दिवाळ्याचं सोयरसुतक नसतं. 1929 मध्ये सिक्युरिटी बँक अँड ट्रस्ट तिच्यात राहायला आली. 1940 मध्ये त्यांनी आतली जागा 'आधुनिक' केली: कॅशियरच्या जाळ्या काढल्या, काउंटर नवे बसवले, काही नक्षी गेली. याला वास्तुकलेचे लोक अपराध म्हणतात. मला तेवढा राग येत नाही. गिऱ्हाइकाला पिंजऱ्यातून पैसे देणं जुनाट दिसायला लागलं होतं, मॅनेजरने मॅनेजरचं काम केलं. त्यातली एक जाळी आता मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे, आणि ती मी बँकेच्या आधी पाहिली होती. तांब्याचा मुलामा दिलेलं ओतीव लोखंड. सरळ रेघांच्या चौकटीतून पानं, वेलांट्या, कोंब असे काही उगवतात की लोखंड रुजलं आहे असं वाटावं. आणि त्या सगळ्या थाटामाटाच्या तळाशी नोटा सरकवायची फट. शिल्प म्हणून बघावं तर फट आडवी येते, गज म्हणून बघावं तर पानं. बाबांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांच्या शाखेतली 'रोख' अशी पाटी असलेली जाळी नूतनीकरणात भंगारवाल्याने किलोवर नेली होती.

1956 नंतर हारवेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुकाराकडून बँकेने आतलं काम पुन्हा जमेल तसं सावरून घेतलं. त्याच 1956 मध्ये तासाभराच्या अंतरावर, इडायनाला, साउथडेल नावाचा देशातला पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला, आणि गावोगावच्या मेन स्ट्रीटवरचं गिऱ्हाईक गाडीत बसून तिकडे निघालं. दुकानदारांनी घाबरून जुन्या विटांवर अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले, नवं दिसावं म्हणून. तेव्हा ओवाटोनाच्या बँकेने उलट दिशा धरली, हे मला फार मोठं वाटतं. 1976 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, 1981 मध्ये अठरा सेंटच्या टपाल तिकिटावर ती आली. पाट्या बदलत राहिल्या: नॉर्वेस्ट, आणि 1998 च्या विलीनीकरणानंतर वेल्स फार्गो.

सगळ्याच बहिणींचं असं भलं झालं नाही. ओहायोतल्या नेवार्क गावातली 1914 ची सलिव्हनची बँक पुढे खाटकाचं दुकान झाली, मग सराफाचं, मग आइस्क्रीम पार्लर. हे ऐकून हळहळणारे लोक मी पाहिले आहेत. माझं मत वेगळं आहे; पेठेतली जागा रिकामी राहण्यापेक्षा तिथे आइस्क्रीम विकलेलं केव्हाही बरं. पण ओवाटोनाचं नशीब थोर, की बँक बांधली आणि बँकच राहिली. आत काचेच्या कमानीखाली माणसं रांगेत उभी होती, कोणी ट्रॅक्टरच्या दुकानाचा गणवेश घातलेला, कोणी कडेवर मूल घेतलेली. आम्ही छताकडे बघत उभे, ते आपापल्या फोनकडे. एका कर्मचारी बाईंनी सवयीने विचारलं, "बघायला आलात का?" आणि माहितीचं पत्रक हातात दिलं.

बाबा म्हणाले, बँकेत येऊन व्यवहार न करता जाणं बरं दिसत नाही. माझ्याकडून वीस डॉलरची नोट घेतली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. काउंटरवरच्या मुलीने एकेकाच्या वीस नोटा मोजून दिल्या. बाबांनी अंगठा जिभेला लावला, नोटा डाव्या हाताच्या बोटांत अडकवल्या आणि दुमडून फर्रकन मोजल्या, पुन्हा उलट्या बाजूने मोजल्या. मुलगी बघत राहिली. बरोबर होत्या. मधली एक कोपऱ्यात फाटलेली होती, ती त्यांनी बदलून घेतली.