मांडवातली भावगीतांची रात्र

भाद्रपदातली ओली हवा गाण्याला काय करते, ते तबलजीला विचारावं. सातला काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, चोख लागलेला तबला नऊपर्यंत उतरलेला असायचा, कारण दमट हवेनं पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, सैल पडते. म्हणून मंडळाच्या गणपतीत गाण्याच्या रात्री पडदा उघडण्याआधी अर्धा तास कुणीतरी पेटीवर षड्ज (सा) धरून बसायचं आणि गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडी फिरायची. गजऱ्याचा एक भाग, म्हणजे एक घर, ठोकलं की लगेच समोरचं. शेजारची घरं ओळीनं ठोकत गेलं तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि चाट, म्हणजे पुडीची कड, जागोजागी वेगळी बोलते. सूर फारच खाली गेला असेल तर आधी तबल्याच्या बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, गजरा मागाहून.

मांडवात भावगीतं गाण्याची ही रीत जुनी. भावगीतगायक गजाननराव वाटवे पुण्याच्या गणेशोत्सवात पेटी पुढ्यात घेऊन स्वतःच्या चाली गात, तेव्हा रस्ते माणसांनी भरून जात. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि गदिमा-बाबूजींची (ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके) ती ५६ गाणी मांडवांत हक्कानं आली. अडीच तासांत त्यातली जेमतेम बारा-तेरा बसत. निवेदक लांबला की शेवटची दोन गळायची, आणि ती नेमकी लोक ज्यांची वाट बघत असत तीच असायची.

खरी कसोटी युगुलगीताची. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल असलेलं ‘शुक्रतारा’ कुठली ना कुठली जोडी दरवर्षी गायचीच. पुरुषाचा गळा काळी एक-दोनचा, बाईचा काळी चारच्या आसपास. एकाच्याच सोयीनं पट्टी धरली की दुसऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सूर, ऐकूच येत नाही, नाहीतर तार सप्तकात गळा चिरतो. त्यामुळे तालमीत आधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर दोघांकडून लावून घ्यायचा, मग पट्टी ठरवायची. तबलेही दोन लागत: काळी एकला साडेपाच-पावणेसहा इंच तोंडाचा, काळी चारला पाच इंचांचा. मोठाच ताणून वर चढवला तर ऐन कार्यक्रमात पुडी फाटते.

आता कीबोर्डवर ट्रान्सपोज आहे, बटण दाबलं की पट्टी बदलते. ते शून्यावर आणायला विसरलं की पुढच्या गाण्याचा पहिलाच सूर तबल्याशी भांडतो. ऑक्टापॅडच्या आठ खणांत ढोलकीपासून डफापर्यंत सगळं मावतं. तयार ट्रॅकवर मात्र आमचा जीव रमत नाही. ‘वन्स मोअर’ आला तरी तो अंतऱ्यावर परत येत नाही, आणि गायकानं ठेहराव घेतला तर त्याच्यासाठी थांबतही नाही.

शेवटची भैरवी पावणेदहाला सुरू व्हायलाच हवी. खास परवानगीचा दिवस नसेल तर दहाला कर्णे बंद होतात, आणि भैरवी कधी घाईत गाऊ नये.