मुलाखतीच्या रांगेतली आमची माणसं

भावाला सेशन कोर्टात फाशी सुनावली तेव्हा घरात कुणी रडलंच नाही, आम्हाला वाटलं झालं, आता आठवड्याभरात देतील. खरंच एवढंच माहीत होतं. आईने येरवड्याला न्यायला दशम्या बांधल्या (आत घेत नाहीत हे गेटवर कळलं). हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशी देताच येत नाही, त्याला कन्फर्मेशन म्हणतात आणि त्यात वर्षं जातात, हे वकिलाने नाही तर मुलाखतीच्या, म्हणजे कैद्याला भेटायच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका मावशीने सांगितलं. तिचा पोरगा तेव्हा चार वर्षं आत होता.

पहाटे सोलापूरहून हुतात्मा गाडीने पुणे, नाव नोंदवा, आधार दाखवा, थांबा, जेमतेम वीस मिनिटं बोला, परत या. ह्या रांगेतच चार-पाच घरं ओळखीची झाली. गावात भावकीने पत्रिका द्यायच्या बंद केलेल्या, त्यामुळे मोकळं बोलायचं ते इथंच. मी 12 वी शिकलेली म्हणून सगळ्यांचे कागद माझ्याकडे, "हे जरा वाच गं". व्हॉट्सॅप ग्रुप काढला, नाव ठेवलं 'मुलाखत', म्हणजे कुणी फोनमध्ये बघितलं तर नोकरीचं वाटेल.

खरं काम कागदांचं असतं हे उशिरा कळलं. खालच्या कोर्टात शिक्षेवर आमचे वकील दहा मिनिटं बोलले, गरीब आहे, आई म्हातारी आहे, संपलं. हायकोर्टात विधी सेवाकडून (सरकारकडून फुकट वकील मिळतो ती) ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी सांगितलं की 2022 च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, फाशी द्यायच्या आधी माणसाचं बालपण, घर, मानसिक तब्येत, जेलमधली वागणूक सगळं बघायचं, तर जे सापडेल ते आणा. मग शाळा सोडल्याचा दाखला, मुकादमाच्या उचलीचा स्टँपपेपर, आठवीत डोक्याला मार लागलेला त्याचा सिव्हिलचा केसपेपर, तो देव्हाऱ्यामागच्या पिशवीत निघाला. पण तो मार वडिलांनी मारलेला, आणि आई ते सांगायला तयारच नाही. "मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढायची?" मॅडम तीनदा घरी आल्या, तिसऱ्यांदा चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता आई बोलली, आमच्याकडे न बघता. मला पण त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

भावाची फाशी जाऊन जन्मठेप झाली. त्याने केलं नाही असं मी कधी म्हटलं नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं घर आमच्याच गावात आहे, मी अजून त्या गल्लीने जात नाही, एवढंच ह्यावर बोलते.

नवीन घर ग्रुपवर आलं की मी नाशिकची एक केस सांगते. भटक्या जमातीतली सहा माणसं, 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी आणि 2019 ला त्याच कोर्टाने निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई सरकारने द्यायची म्हणून. प्रत्येकाचं असं होणार नाही हे पण लगेच सांगते, नाहीतर लोक त्याच आशेवर दागिने मोडून एजंटला पैसे देतात.

मावशीच्या पोराचं फाशीविरुद्धचं अपील आता सुप्रीम कोर्टातही संपलं. नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), जेलने हे कळवल्यापासून 30 दिवसांत दयेचा अर्ज करायचा असतो, घरच्यांनाही करता येतो, तो आम्ही केला. फेटाळला तर घरच्यांना लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यावर फाशीपर्यंत किमान 14 दिवस द्यावे लागतात, हा 2014 चा निकाल. पण मावशी सहा महिने ऊसतोडीला, झोपडी कधी इथं कधी कर्नाटकात, पत्र येणार कुठं? म्हणून अर्जावर पत्ता माझा दिलाय. पोस्टमन दिसला की आधी पाकिटावरचं नाव बघते.